खिशातला प्रश्न

गुरुवारी पाळी सुटली की बार्जवरून थेट
बायण्याच्या चढावरच्या आमच्या लहान चर्चमध्ये.
मागच्या खोलीत प्रौढांचा वर्ग:
अकरा माणसं, नऊ खुर्च्या, एक पंखा,
आणि उजागरे सर, जे तीस वर्षं
बंदरातल्या क्रेनवरून जग पाहत होते
म्हणून हल्ली खाली बसूनच शिकवतात.

पहिले तीन महिने मी वर्ग जसाच्या तसा घरी नेला.
वहीत उतरवलेला, लाल शाईनं खुणा केलेला.
जेवणं झाली की टीव्ही बंद, सगळ्यांनी मांडी घालायची,
आणि मी बोलायचो.
रिबका पेंगायची. सुशीलची नजर
मांडीखाली दाबलेल्या मोबाइलवर.
दया ऐकायची, पण लसूण सोलत.
भिंतीपलीकडे कायतानच्या घरी तेर्स चाललेला,
त्यांचं शेंबडं पोरसुद्धा आमेन वेळेवर म्हणायचं,
आणि मला, खरं सांगतो, हेवा वाटायचा.

वर्गात हे बोललो. मान खाली घालून.
कोणी हसलं नाही. पगारेबाई म्हणाल्या,
आमचं बायबल तर फ्रिजवर असतं,
त्यावर लाइटची बिलं.
सर बराच वेळ गप्प. मग म्हणाले,
"तुम्ही घरी उत्तरं नेता, बाबांनो.
उत्तरं वाटेत शिळी होतात, मासळीसारखी.
प्रश्न न्या. एकच. आठवडाभर पुरतो."
आणि बसच्या तिकिटाच्या पाठीवर लिहून दिला:
नाणं हरवलेल्या त्या बाईनं दिवा लावला, घर झाडलं.
नाणं सापडायच्या आधी
तिला काय काय सापडलं असेल?

या वेळी गोष्ट मी वाचली नाही. रिबकानं वाचली,
बोट ठेवून, अडखळत.
शेजारणींपाशी थांबली, विचारलं,
"म्हणजे कायतानकाकांच्या आंटीला बोलावलं?"
मी प्रश्न टाकला आणि गप्प बसलो.
गप्प बसणं मला येत नाही; जीभ दातांखाली धरली.

"केस," रिबका म्हणाली. "केसांचा गुंता. मग मेलेलं झुरळ."
"कोळशाची पूड," दया म्हणाली, "वास्कोतली असेल तर.
सकाळी झाडा, दुपारी पुन्हा पाय काळे."
हसलो सगळे. लसूण बाजूला राहिला.
मग दया, जरा थांबून:
"पण घाबरलेली असणार ती.
नाणं हरवलं हे घरात बोलली नसेल.
म्हणून तर रात्री झाडत होती."

हे सरांनी सांगितलं नव्हतं.
माझ्या वहीत कुठंच नव्हतं.

सुशील उठला. मला वाटलं, निघाला बाहेर.
त्यानं केरसुणी घेतली, पत्र्याची पेटी पुढं ओढली,
आणि पेटीमागून एक घडी घातलेला कागद काढून
पुस्तकाशेजारी ठेवला.
अकरावी. गणितात अठरा.
पाच आठवडे तिथं होता तो,
भिंतीच्या ओलीनं मऊ पडलेला.

माझा हात वर गेला नाही, एवढंच सांगतो.
पलीकडचा तेर्स केव्हाच संपला होता.
पुस्तक उघडं. पानावर कोळशाची एक कणी,
कोणी फुंकली नाही.

पुढच्या गुरुवारी सरांनी विचारलं, काय सापडलं?
पगारेबाईंना कुठल्याशा कुलपाची चावी.
रणनवरे म्हणाले, आम्हाला वेळच सापडला नाही.
माझी पाळी आली. म्हणालो, केस. झुरळ.
सरांनी क्रेनवरून पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं
आणि नवं तिकीट पुढं केलं.

दारातच रिबकानं माझा खिसा चाचपला.
पूर्वी ती तिथं चिक्की शोधायची.
आत सुशील, गणिताच्या वहीवर वाकलेला,
वर न बघता म्हणाला,
"आज काय विचारलंय?"